मानसिंगरावांच्या दिवाणखान्यातलं सेमरखेडा

ग्वाल्हेरच्या दौलतगंजात गौरी बसल्या की शेजारच्या बायका शालिनीताईंची आरास बघायला यायच्या. तरटावर शाडू थापून केलेले डोंगर, आरशाचं तळं, वाळलेल्या गिलक्याच्या जाळीची झाडं. बायका तोंडभरून कौतुक करायच्या. हळदीकुंकू सुरू झालं की मात्र ताई उठून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. संस्थानच्या फौजेतला त्यांचा नवरा लढाईत ब्रह्मदेशाकडे गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून त्या दिराच्या, दिनकररावांच्या घरी राहत होत्या.

दिनकरराव संस्थानच्या हिशेब कचेरीत कारकून होते. आता संस्थान उरलं नव्हतं. ते विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं होतं, सरकार निम्मं वर्ष इंदूरला आणि निम्मं ग्वाल्हेरला बसत होतं, आणि कुठल्या कचेरीतली किती माणसं जास्त झाली याच्या गोष्टी रोज घरी येत होत्या. दिनकररावांचं जेवण कमी झालं होतं. अशा दिवसांत सरदार मानसिंगरावांच्या हवेलीतून ताईंना बोलावणं आलं. त्यांच्या घरातल्या कुणी तरी गौरींची आरास पाहिली होती.

"जाऊन या वहिनी," दिनकरराव म्हणाले. "मोठ्या माणसाशी ओळख असलेली बरी."

मानसिंगरावांचा दरबारातला मान विलीनीकरणाबरोबर गेला होता. सकाळी कुठं जायचं हा प्रश्नच उरला नव्हता, म्हणून ते दिवाणखान्यात विलायतेहून आणलेल्या विजेच्या आगगाडीपाशी बसून राहायचे. लांबच लांब फळ्या टाकून त्यावर रूळ मांडलेले होते.

"इंजिन आहे, डबे आहेत, सिग्नल आहेत," ते म्हणाले. "पण गाडी जाते कुठनं? नुसत्या फळ्यांवरनं. बाई, मला मुलूख पाहिजे."

ताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फळ्यांभोवती एक फेरी मारली. "डोंगर करता येतील, सरकार. पुलाचं सांगता येत नाही. पूल कधी केला नाही."

पहिला पूल खरोखरच इंजिनासकट खाली बसला. शाडूला वजन पेलेना. मग त्यांनी आतून लाकडाचा सांगाडा घातला, जुन्या चाळणीची कडी कापून कमानी वळवल्या आणि वर ग्वाल्हेरी दगडाच्या कपच्या सरसानं एकेक करून चिकटवल्या. दुसऱ्या पुलावरून गाडी धडधडत गेली तेव्हा मानसिंगराव खुर्चीतून उठून उभे राहिले. ताईंकडे असं कुणी उठून पाहिलेलं नव्हतं. त्या रोज दुपारी जायला लागल्या. लाकडाचा भुसा रंगात भिजवून वाळवायचा, त्याचं गवत. खराट्याच्या काड्यांचं कुंपण. नखांत हिरवा रंग राहायचा. जावेनं एकदा त्याच्यावरून नाक मुरडलं, तर दिनकररावच तिच्यावर चिडले.

पुढं मानसिंगराव म्हणाले, "आता सेमरखेडा करायचं. आमचं जहागिरीचं गाव. छोटी लाइन गावाजवळनंच जाते. नाल्यावरचा पूल, ठेसन, आणि पलीकडे आमची बाग. संत्री, लिंबं. बघून या एकदा."

बरोबर हवेलीतली एक म्हातारी मोलकरीण होती. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या लाकडी बाकावर बसून ताई सेमरखेड्याला गेल्या. नवरा गेल्यापासून त्या गावाबाहेर पडल्या नव्हत्या. बेहडातून, मातीच्या ओसाड घळींतून, वळणं घेत जाणारी गाडी, पाण्यानं कापलेले कडे, त्यांच्या तळाशी बाभळी, सगळं त्या डोळ्यांत भरून घेत होत्या. पूल सापडला. ठेसनही सापडलं. बाग मात्र कुठं दिसेना. नाल्यापलीकडे वांगी होती, मिरच्या होत्या, काकडीचे वेल होते, आणि विहिरीवर मोट चालली होती.

रामकली नावाची बाई मिरच्या तोडत होती. काछ्यांची, म्हणजे भाजीपाला पिकवणाऱ्यांची, सगळी वस्तीच तिथं होती. तिनं ताईंना खाटेवर बसवलं, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. विहीर तिच्या सासऱ्यानं खणली होती. बागेचं विचारल्यावर ती हसली आणि तिनं वांग्यांकडे हात केला.

"बाग? यहाँ तो हमारे ससुर के ससुर भी भटा ही बोते थे."

जहागिरी जाणार म्हणतात, मग जमीन आमच्या नावावर होईल, असं ती म्हणाली. मुलगा हरबिलास शेजारी उभा होता. त्यानं निघताना ताईंच्या पिशवीत वांगी भरून दिली.

परतल्यावर ताईंनी सांगितलं, "सरकार, तिथं बाग नाही. काछ्यांची शेतं आहेत."

"आमच्या वडिलांच्या वेळी होती," मानसिंगराव रुळांकडे बघत म्हणाले. "तुम्ही बागच करा."

म्हाताऱ्या माणसाची आठवण असेल, असं ताईंनी मनाशी धरलं. बाग केली. मोहरीचे दाणे रंगवून त्यांची संत्री केली, झाडांच्या ओळी आखल्या, पाण्याचे पाट काढले, मधोमध सरदारांचा छोटा बंगला ठेवला. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःला कळत होतं.

जहागिरी खालसा करण्याचा कायदा आला. मानसिंगरावांचीही गेली. पण जहागीरदार स्वतः कसत असलेली जमीन, बागा, त्याच्याकडेच राहणार होत्या. कुणाची कुठली, ते ठरवायला जहागीर कचेरीतला एक साहेब आला होता. पाऊस लागला होता, नाल्याला पाणी होतं, सेमरखेड्याचा रस्ता बंद होता. मानसिंगरावांनी साहेबाला चहाला बोलावलं आणि ताईंनाही थांबवून घेतलं.

गाडी सुटली. बेहडातून वळली, पुलावरून गेली, बागेच्या कडेनं ठेसनात येऊन थांबली. साहेब खाली वाकून बघत होता.

"ये तो पूरा इलाक़ा है," तो म्हणाला.

"इन्होंने बनाया है," मानसिंगराव म्हणाले. "ख़ुद वहाँ जाकर देख आई हैं. एक-एक चीज़."

साहेब ताईंकडे वळला. आवाजात अदब होती. "क्यों बाईजी, वहाँ ऐसा ही है? ये बाग़ भी?"

बाग कशासाठी करून घेतली, ते तेव्हा ताईंना कळलं. मानसिंगराव त्यांच्याकडे बघतही नव्हते, बशीत चहा ओतत होते. आदल्याच दिवशी ते म्हणाले होते की दिनकररावांसाठी वर शब्द टाकला आहे. ताईंना रामकलीची खाट आठवली. पण समोर बाग होती, त्यांच्या हातची, आणि शहरातला एवढा मोठा माणूस तिच्यावर वाकला होता.

"जी," त्या म्हणाल्या.

साहेब मग दुसऱ्या विषयावर बोलायला लागला. ताई घरी आल्या, भाकऱ्या केल्या. रात्री जावेनं विचारलं, बरं वाटत नाही का. त्या म्हणाल्या, उभं राहून पाय दुखतायत.

दिनकररावांची नोकरी टिकली. सरदारांच्या शब्दानं टिकली की आपोआप, ते कुणाला कधीच कळलं नाही. दिनकरराव मात्र हवेलीवरून जाताना हात जोडायचे. ताईंना डोंगरातला बोगदा करायला बोलावणं आलं. त्यांनी ताप असल्याचं कळवलं. पुन्हा आलं, पुन्हा तेच कळवलं. मग यायचं थांबलं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात टोपी बाजारात, एका घाऊक दुकानाच्या पायरीशी, रामकली पोती शिवत बसलेली दिसली. तिनंच हाक मारली. जमीन गेली होती. पोलीस आले होते, पिकात बैल घातले होते. आता तिथं लिंबाची रोपं लावली आहेत, विहिरीला कुलूप आहे. हरबिलास मुरारच्या रस्त्यावर खडी फोडतो.

"साहब आया ही नहीं देखने," ती म्हणाली. "किसी ने उसको बता दिया कि बाग़ है. पता नहीं किसने."

ताई तिच्याजवळ खाली बसल्या. "मैंने बताया," त्या म्हणाल्या.

रामकलीला आधी समजलं नाही. ताईंनी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. आगगाडी, पूल, साहेबाचा प्रश्न. रामकली ऐकत राहिली. सुई हातात तशीच होती. मग तिनं पोतं गुंडाळलं, सुतळी उचलली आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन ताईंकडे पाठ करून बसली. ताई बराच वेळ तिथंच होत्या. दुकानदारानं "क्या चाहिए बाई" म्हणून विचारलं, तेव्हा उठल्या.

छप्पन साली पुन्हा सगळं बदललं. राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांबरोबर दिनकररावांचीही बदली झाली. मानसिंगरावांनी हवेली विकली. आगगाडीच्या फळ्या दारातून बाहेर निघेनात, म्हणून डोंगर करवतीनं कापले, असं कुणी तरी येऊन सांगितलं. ताईंनी "असं का" एवढंच म्हटलं आणि भांडी बांधायला घेतली.

निघायच्या आधी त्या एकट्याच मुरारच्या रस्त्यावर गेल्या. विचारत विचारत हरबिलास सापडला. डोक्याला फडकं, अंगभर पांढरी धूळ. त्यानं लगेच ओळखलं आणि वाकून पायांना हात लावला. आई मागच्या उन्हाळ्यात लू लागून गेली, म्हणाला. दोन दिवसांचा ताप.

"आपकी बहुत बात करती थी पहले," तो म्हणाला. "फिर पता नहीं क्यों बंद कर दी."

रामकलीनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं. ताई सांगायलाच आल्या होत्या. शब्द जुळवून आणले होते. त्यानं दगडावर फडकं अंथरून त्यांना बसायला दिलं, घागरीतलं पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या. तो उभाच होता, हातातला हातोडा बाजूला ठेवून, त्या काही बोलतील म्हणून.

"भोपाल जा रही हूँ," ताई म्हणाल्या.

"अच्छा है," तो म्हणाला.

मग मुकादमानं हाक मारली आणि तो कामाला गेला. ताई उन्हातून पायी दौलतगंजाला आल्या. दारात टांगा उभा होता, सामान चढवून झालं होतं, आणि दिनकरराव उशीर झाला म्हणून वैतागले होते.