आतोबांनी सोडलेल्या गोष्टी

सोडण्यासारखं या जगात जे जे काही आहे, ते ते सगळं आमच्या आतोबांनी सोडलेलं होतं. सोडला नव्हता तो फक्त हट्ट. संगमनेरला उभा जन्म मास्तरकी केलेला हा उंच, किडकिडीत माणूस जेवायला यायचा म्हटलं की घरातल्या बायका धास्तावायच्या. गूळ चालत नाही, वांगं चालत नाही, ताक चालत नाही. माझ्या आईनं एकदा वैतागून विचारलं, "मग वाढू तरी काय, ताटाभोवतीची रांगोळी?" तर हे शांतपणे म्हणाले, "भात वाढा. भात अजून शिल्लक आहे."

या सगळ्याचं मूळ आत्याच्या पायांत होतं. संधिवातानं तिचे गुडघे असे धरले होते की उंबरासुद्धा दोघांनी धरून ओलांडायची. कुणीतरी सांगितलं, राजूरच्याही पलीकडे, डोंगरातल्या नदीच्या खोल घळीत ऊन पाण्याचा झरा आहे. झालं! दर माघात आतोबा आत्याला घेऊन निघायचे. लढाईचे दिवस, कोळशावर धावणारी मोटार चढाला लागली की उतारूंनीच ढकलायची, पुढे बैलगाडी, आणि शेवटची रानातली उतरण डोलीतून. झऱ्याची रीत अशी, की मागणं मागायचं तर आपल्या आवडीचं काहीतरी तिथं जन्माचं सोडायचं. पहिल्या वर्षी आतोबांनी कारलं सोडलं. आत्या हसत सांगायची, "अरे, कारलं यांनी जन्मात तोंडात घातलं नव्हतं!" पण त्याच पावसाळ्यात तिचं पाऊलच उचलेनासं झालं, आणि आतोबांच्या मनानं घेतलं, की हे माझ्या लबाडीचं फळ. वैद्यांनी समजावलं, आम्ही कपाळ बडवलं. पण ऐकतील तर ते आतोबा कसले! त्यानंतर दर वर्षी खरं आवडतं असं एकेक गेलं.

शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. झऱ्यापाशी राहणारा म्हातारा ठाकर त्यांना चांगला ओळखत होता. "मास्तर, लई सोडलंत आता," तो म्हणाला. "औंदा ऱ्हाऊ द्या." आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं आतोबा म्हणाले, "ऊन पाणी सोडलं." मी चपापलोच. भर वैशाखातसुद्धा बंबभर कढत पाणी अंगावर घेणारा हा माणूस! मग आम्ही आत्याला काठावर बसवून तिचे पाय झऱ्यात सोडले. दोन्हीकडे उभे कडे, वर जांभळींची गर्द झाडी, खाली नदीचा आवाज. तिचा चेहरा असा खुलला, की तसा मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. "अहो, या ना इकडे," ती म्हणाली. "माझ्याजवळ पाय सोडून बसा घटकाभर. किती बरं वाटतंय!" आतोबा चार हातांवर गार कातळावर बसून होते. म्हणाले, "तू बस. मी बघतोय ना." तिनं तीनदा बोलावलं. हे हलले नाहीत. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! अजूनही तो पुरता गेलेला नाही.

आत्या त्या आषाढात गेली.

पुढच्या पौषात मी संगमनेरला गेलो, तर कडाक्याच्या थंडीत आतोबा विहिरीवर कुडकुडत गार पाणी अंगावर ओतून घेत होते. मला राहवेना. म्हटलं, "आतोबा, ती गेली हो. आता कुणासाठी हे? पाणी तापवून देतो."

दातावर दात आपटत ते म्हणाले, "खुळा आहेस. तिथं तरी ती आता चालत असेल. मी परत घेतलं, आणि तिचे पाय पुन्हा दुखायला लागले, तर?"

मी विहिरीतून पोहरा ओढला आणि त्यांच्या हातात दिला.