कप्प्यांत राहणारे आप्पा

महाड-पोलादपूर पट्ट्यातील तमाम कष्टकरी, रिकामटेकड्या आणि दुपारी आडव्या होणाऱ्या ग्रामस्थांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, दिवस आता मोकळा राहिलेला नाही. त्याचे कप्पे पडले आहेत. आमच्या वाडीला ही बातमी दिली सदानंद आप्पांनी. मुंबईतली ऑफिसची नोकरी संपवून ते गावी आले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पडवीत वर्षभराचा, चार रंगांचा तक्ता चिकटवला.

निळा चौकोन शेतीचा, हिरवा वाचनाचा, पिवळा चिंतनाचा, तांबडा चहाचा. बाजार, पाहुणे असली किरकोळ कामं पेन्सिलीने समासात. चिंतनात डोळे मिटलेले असत आणि तोंड उघडं. "एका कप्प्यात एकच काम. सवय अशी लागते," ते मला सांगत. कप्पा बदलला की त्यांचा मोबाईल कोंबड्यासारखा आरवायचा. वाडीतल्या खऱ्या कोंबड्यांनी सुरुवातीला त्याला उत्तरं दिली, मग तो नाद सोडला.

एकदा आम्ही महाडच्या एसटीसाठी उभे होतो. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बाजारातून आणायच्या सामानाची यादी दिली होती. गाडी आली, दार उघडलं, मी चढलो. आप्पा खालीच.

"चढा की," कंडक्टर म्हणाला.

"नऊ वाजले. बाजाराचा कप्पा संपला."

"मग आता कुठं जाणार?"

"आता वाचन."

आणि हा गृहस्थ रिकामी पिशवी झुलवत खरोखर घरी गेला. कंडक्टरने मला विचारलं, "पहिल्यापासून असेच हायत का?" मी म्हणालो, "नाय, शिकून झालेत."

पाहुण्यांचा कप्पा साडेपाच ते सहा. वहिनींचा सख्खा भाऊ शिवथरहून आला तो सव्वापाचला. आप्पा त्याच्यासमोर पंधरा मिनिटं डोळे मिटून, मांडी घालून गप्प. बिचाऱ्याने टोपी काढली, शेजारी बसला आणि वहिनी बाहेर आल्यावर हळूच विचारलं, "कोण गेलं गो?"

इथवर सगळी गंमत होती. मग लावणी आली.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. पाळी ज्याची, तो धनी. तो सगळ्यांच्या आधी चिखलात उतरतो आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येतो. धनी बांधावर चढून पाय धुवायला लागला, की त्याचं काम आटोपलं असं समजून बाकीचे घरी जातात. कुणी कुणाला सांगत नाही. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि आप्पा तर याच चिखलात वाढलेले.

आमच्या खाचरांत आप्पा आठ ते दहा राबायचे. कोंबडा आरवला की पाय धुऊन छत्रीखाली पुस्तक उघडायचे. वहिनी मात्र बारा दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वाकलेल्या. त्यांच्याकडे बघून सगळे आप्पांना सोसत होते.

तेराव्या दिवशी त्यांची पाळी आली. खाचरं तीन. रोपं आदल्या दिवशीच उपटून जुड्या बांधलेल्या, आणि ती आधीच वयात येऊन पिवळट पडत चाललेली. त्या दिवशी नाही लागली, तर वर्षाचं भात गेलं. दहा वाजता पहिलं खाचर कसंबसं संपलं आणि पिशवीतला मोबाईल आरवला. आप्पा सरळ झाले, बांधावर चढले, पाय धुवायला लागले.

लखमाकाकी सत्तरीची, सावडीत सगळ्यांत पुढे. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. "धनी चढला. उठा गो, चला घरी."

सगळे उठले. काकीमागोमाग पहिला मीच उठलो होतो हे सांगायला आज थोडं जड जातं, पण त्या क्षणी मला इतका आनंद झाला होता की हसू दाबायला टॉवेल तोंडात धरावा लागला. आप्पा बांधावरून ओरडले, "अरे, तुमचा कप्पा नाही संपला, माझा संपलाय. दोन ते चार मी परत आहेच." आम्ही पाय धूत राहिलो. दोन खाचरांत जुड्या पाण्यावर तरंगत होत्या.

त्या दिवशी तिन्ही खाचरं लागली. आप्पाही दिवस मावळेपर्यंत वाकलेले होते. पिशवीतला कोंबडा आरवून आरवून थकला आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. पुढे ते मुलाकडे पनवेलला राहायला गेले तेव्हा तक्ता गुंडाळून सोबत नेला, पण त्यात जुलै महिन्याचे चौकोन कोरे होते. त्यांना सुधारल्याचं श्रेय वाडीत बरेच जण घेतात. मीही एक-दोनदा घेऊन पाहिलंय.

खरं एवढंच, की आम्ही पाय धूत होतो तेव्हा वहिनी गुडघाभर चिखलात तशाच उभ्या होत्या, हातात जुडी धरून. त्यांनी एकदा आप्पांकडे बघितलं, एकदा आम्हा सगळ्यांकडे, आणि बोलून गेल्या, "धनी चढला म्हणून निघालात व्हय रे? मग हितं मी कोण हाय, बेडकी?"