लोकरीचे दोन धागे

माझे वडील, आमचे आबा, उभा जन्म मेंढरांमागं चालले. मेंढरं गेली, कळंबला थोडी शेती आली, तरी त्यांचं चालणं सुटलं नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढणारी मी पहिली. दर सोमवारी मला एसटीत बसवायला ते यायचे आणि गाडी हलेपर्यंत काठीवर रेलून उभे राहायचे. आज मी बारामतीत शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळं.

दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू केली. पुढं डोकं जड होतंय म्हणाले, म्हणून मी त्यांना बारामतीला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली आणि बजावलं, "आधीच्या गोळीचं पाकीट आणून दाखवा, मगच ही सुरू करा." मी पाकीट नेलं नाही. घरी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली. नावं वेगळी होती. एवढं तर मला कळतं, असं वाटलं.

आबांना वाचता येत नाही. म्हणून मी त्यांच्याच हातच्या लोकरीचे धागे दोन डब्यांना बांधले. काळा इंदापूरचा, पांढरा बारामतीचा. रोज सकाळी दोन्हीतली एकेक घ्यायची.

त्यांनी दोन्ही गोळ्या तळहातावर घेऊन निरखल्या. शेकडो मेंढरांतून स्वतःचं ओळखणारा माणूस.

"मास्तरीणबाई, ह्या दोन्ही एकाच पोटच्या दिसत्यात गं."

"आबा, तुम्हाला वाचता येतं का? नावं वेगळी आहेत त्यांची."

"न्हाय बा. तू शिकल्याली हायस."

त्यांनी दोन्ही गिळल्या.

नंतर मी कळंबला जायचे तेव्हा उंबऱ्याशी बसलेले आबा चौकट धरून उठायचे. आई म्हणाली, "दोनदा पडल्यात. तुला सांगू नगं म्हणत्यात."

"पाय घसरला व्हता," आबा तिच्यावर खेकसले. "हिचं काय ऐकतीस?"

मीही वय झालं असं समजून चालले. पडले तेव्हा काय करत होते, चालत होते की नुकतेच उठले होते, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्यांदा ते खाटेवरून उठता उठता कोसळले आणि खुबा मोडला. बारामतीत ऑपरेशन झालं. घरी आल्यावर वॉकर धरून उभे राहिले, की पुन्हा डोळ्यांपुढं अंधारी. टाके काढायला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मी विचारायला हवं होतं तेच विचारलं: पडले तेव्हा नुकतेच उठले होते का? मग आबांना निजवून रक्तदाब मोजला आणि वॉकरला धरून उभं करून पुन्हा मोजला. तो बराच खाली गेला होता.

"घरातल्या सगळ्या गोळ्या काढा," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही डब्या पुढं केल्या. त्यांनी आतली पाकिटं उलटी केली. मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव होतं. दोन्हीवर तेच. त्या रागावल्या नाहीत. काळ्या धाग्याची डबी त्यांनी बाजूला ठेवली.

आठवडाभरात घेरी थांबली. पण भीती थांबली नाही. आबा आता वॉकरला हात लावत नाहीत. मी गेले तरी खाटेवरून उठत नाहीत. एके दिवशी धीर करून मी म्हणाले, "आबा, तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं. मीच ऐकलं नाही."

"मी काय वळखलं व्हतं?"

खरंच विसरले होते, की मला दोषातून सोडवत होते, कळलं नाही. मग त्यांनी उशाखालून गोळ्यांचं नवं पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"हे बघ जरा, बरोबर हाय का. तू शिकल्याली हायस."

मी ते उलटं केलं आणि बारीक अक्षरं एकेक करून वाचू लागले. आबा भिंतीला टेकलेल्या काठीकडं बघत बसले होते.