चौकातला बोर्ड आणि दोन वर्षांची अट

धाकट्या भावानं राजीनाम्यात ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहिलं होतं. शिरोली एमआयडीसीत नोकरी सोडणारे बहुतेक जण हेच लिहितात आणि मालकही पुढं काही विचारत नाहीत. भाऊ एका फौंड्रीत होता. नव्या कास्टिंगचा साचा कसा करायचा, वितळलेलं लोखंड त्यात कुठून सोडायचं, हे ठरवणं त्याचं काम. दोन रस्ते सोडून असलेल्या दुसऱ्या फौंड्रीनं त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं होतं. हे त्यानं जुन्या मालकांना सांगितलं नाही. त्याच्या नेमणूकपत्रात एक अट होती : नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात तशाच धंद्यात काम करायचं नाही. ती अट आहे, हे त्याला माहीत होतं. ती कुणाला लागू केल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

ती अट मोडल्याची जुन्या मालकांची नोटीस आली ती बोर्डामुळं. शिवाजी पेठेत आमच्या तालमीच्या चौकात कशाचाही फ्लेक्स लागतो. वाढदिवस, परदेशवारी, पोलीस भरती. भावाबरोबर फुटबॉल खेळलेल्या मित्रांनी त्याचाही लावला. फोटोत अंगातला कोट दुसऱ्या कुणाचा होता, चेहरा भावाचा. खाली नव्या कंपनीचं नाव, मॅनेजरपदी निवड, आणि अभिनंदन करणाऱ्यांचे फोटो. जुन्या मालकांचा ड्रायव्हर मागच्याच गल्लीत राहतो.

भाऊ नोटीस घेऊन तालमीत गेला. मी बरोबर होतो.

“बोर्ड कुणाला विचारून लावला?” भावानं विचारलं.

“इचारून कोण अभिनंदन करतंय व्हय?” एक मित्र म्हणाला. “नोटीस आमच्या नावानं पाठवा म्हणावं. आणि नोकरी गेलीच, तर तसा बोर्ड लावू. कोट त्योच ठेवू की.”

बाकीचे हसले. भाऊ हसला नाही. जुनी नोकरी सुटली होती आणि नव्या मालकांचा निरोप आला होता : आधी ते मिटवा, मग रुजू व्हा.

आमच्या वकिलांनी अट दोनदा वाचली. नोकरी सुटल्यानंतर माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारी अट आपल्याकडं कायद्यानं टिकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मात्र कंपनीची ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकांचे दर बाहेर नेता येत नाहीत. ते कलम वेगळं आणि ते टिकतं. नोटिशीला उत्तर ते देणार होते. पण नव्या मालकांना उत्तर नको होतं, भांडण मिटायला हवं होतं. दोघे मालक एकाच असोसिएशनच्या बैठकीला शेजारी बसायचे.

म्हणून आम्ही जुन्या मालकांकडं गेलो.

“बसा पावणं,” ते मला म्हणाले. मग भावाकडं वळले. “घरगुती कारण काय निघालं मग?”

भावानं नोटीस टेबलावर ठेवली.

“सांगून गेला असतास तर मी काय पाय धरून ठेवणार होतो? चौकात फोटो लावलास. मला ड्रायव्हरकडनं कळलं.”

“मी न्हाई लावला, साहेब.”

“थोबाड तर तुझंच हाय की.”

वकिलांचं म्हणणं मी सांगितलं. त्यांच्या वकिलांनीही त्यांना तेच सांगितलं होतं. मग नोटीस कशाला, असं मी विचारलं.

“न्हाई पाठवली तर बाकीच्यांना वाटंल, म्हाताऱ्याला काय पडलेलं न्हाई.” ते भावाला म्हणाले, “ड्रॉइंग किती नेलीस?”

“एक बी न्हाई. लॅपटॉप परत दिलाय, तपासून बघा.”

“बघितलाय.”

हरकत नसल्याचं लिहून द्या, अशी भावानं विनंती केली. त्यांनी नकार दिला. एकाला दिलं की सगळं खातं रांगेत उभं राहील, म्हणाले. कोर्टात जाणार का, यावरही ते काही बोलले नाहीत. चहा आला. तो संपल्यावर त्यांनी आमच्यासमोरच नव्या मालकांना फोन लावला.

“पोरगं घ्या तुमच्याकडं. काम चांगलं करतंय. पण माझ्या गिऱ्हाइकाच्या दारात दिसलं, तर मी त्याच्याकडं येणार न्हाई, तुमच्याकडं येईन.”

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मालकांनी फोन ठेवला आणि पुढ्यातली कास्टिंग तपासायला घेतली. आम्ही उठलो.

सोमवारी भाऊ नव्या कामावर गेला. गिऱ्हाइकांकडं जाण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं; पद तेच राहिलं. वकिलांनी नोटिशीचं उत्तर तरीही पाठवलं. बोलणं फोनवर झालं होतं; नोटीस मात्र लेखी होती आणि ती मागं घेतलेली नव्हती.