आरे घासणारा श्रीहरी

श्रीहरीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आलापल्लीच्या पलीकडे, सागवानाच्या कुपात, म्हणजे तोडीला काढलेल्या रानाच्या तुकड्यात, गवताच्या झोपडीत. उठवायला कोंबडा कुठला, लालसूची लाथ होती. लालसू त्याचा आऱ्यावरचा, म्हणजे दोघांनी ओढायच्या लांब करवतीवरचा, जोडीदार. माडिया आदिवासी, भामरागडकडचा, श्रीहरीपेक्षा दहा वर्षांनी मोठा. लाथ मारून झाली की तो शेकोटीवर पेज ठेवायचा आणि म्हणायचा, "ऊठ ना बे. झाड का आपल्या मनानं पडनार आहे?"

साल एक्याऐंशी. श्रीहरी चोवीस वर्षांचा होता, दहावी पास. कुपात त्याच्या आसपास शिकलेला दुसरा एकच, मुकादम भैयाजी, आणि तोही नववीपर्यंतचाच. म्हणून मजूर श्रीहरीला 'मास्तर' म्हणून चिडवायचे. तो चिडायचा नाही. आपण इथे एका हंगामापुरते आहोत, असा त्याचा हिशेब होता. वनरक्षकाची भरती निघाली की खाकी घालायची आणि आरा सोडायचा.

त्याचं गाव मूल तालुक्यात, धानाच्या मुलखात. बौद्धांचं घर, स्वतःची बोटभर जमीन नाही. बाप मेला त्या वर्षी आई केसरबाई दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जाऊ लागली. धान लावायला बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी. त्यात दिवसभर कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, मागे मागे सरकत रोपं लावायची. श्रीहरीने तिला शब्द दिला होता, "मले नोकरी लागली का तू कोनाच्या बांधीत वाकू नको." केसरबाईने तो शब्द गाठीला बांधला. दर रोवणीला ती एकदाच विचारायची, "लागली का रे?"

दोघांच्या आऱ्याला एकच नियम असतो. ओढायचं, ढकलायचं नाही. आपण ओढलं की सोडून द्यायचं, परत नेणं समोरच्याचं काम. नवा माणूस घाईने ढकलतो आणि पातं मध्येच वाकतं. श्रीहरीने पहिल्या आठवड्यात तीनदा वाकवलं. लालसूने तिन्ही वेळा आरा खाली ठेवला, तंबाखू मळली आणि सांगितलं, "मी आहो ना इकडे. मले बी काही करू दे." दुसऱ्या महिन्यात श्रीहरीच्या खांद्यांना ते कळलं. त्यानंतर ती जोडी दिवसाला जेवढं लाकूड पाडायची, तेवढं कुपात कोणी पाडत नव्हतं.

भरती त्याच हिवाळ्यात निघाली. श्रीहरी बसने चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला गेला. मैदानावर चारशे पोरं उघड्या अंगाने रांगेत उभी. छाती मोजायची ती दोनदा, आधी साधी, मग फुगवून. दोहोंत दोन इंचांचा फरक हवा. टेप घेतलेल्या बाबूने श्रीहरीची छाती मोजली. साडेतेहतीस.

"आता फुगव."

श्रीहरीने श्वास घेतला. चौतीस.

"फुगव म्हटलं ना!"

"फुगवली आहे, साहेब."

"मग आधी काय केली होती?"

रांग हसली. आधीही त्याने फुगवलीच होती. टेप अंगाला लागताच छाती आपोआप वर आली होती. ही खोड बापाची. बापाने छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली आणि घरात एक गोष्ट पोराच्या अंगात मुरवली. हातात कागद असलेल्या माणसापुढे वाकून उभं राहायचं नाही. शाळेत मास्तर हजेरी घ्यायला लागले तरी श्रीहरी छाती काढून उभा राहायचा. कागद दिसला की ताठ. ते त्याच्या हातात नव्हतं.

अर्धा इंच फरक. नापास.

दुसऱ्या वर्षी त्याला कारण ठाऊक होतं. त्याच वर्षी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता, जागा वाढतील म्हणत होते. बसमध्ये तो स्वतःला बजावत गेला, ढिला राह्यजो, ढिला राह्यजो. टेप लागला आणि छाती वर. पाऊण इंच. तिसऱ्या वर्षी, त्र्याऐंशीला, एक इंच.

"सुधारणा आहे," बाबू म्हणाला. ओळखीचा झाला होता.

दर वेळी जाऊन-येऊन पाच दिवस जायचे. ते पाच दिवस लालसू कुपात बसून राहायचा. एका हाताने आरा चालत नाही. काम मापावर, पाडलं तेवढं मिळणार. लालसूच्या घरी तीन पोरं होती, पण तो तोंडाने कधी बोलला नाही. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षीही नाही.

तिसऱ्यांदा श्रीहरी परत आला तेव्हा आऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लच्छू होता. गडचिरोलीकडचा, आडव्या अंगाचा, तोंडाळ माणूस. भैयाजी झाडाखाली माप लिहीत बसला होता. वर न बघता म्हणाला, "अर्धा आरा कोनी ठेवत नाई, श्रीहरी. मले लाकूड पाह्यजे."

श्रीहरीने लालसूकडे पाहिलं. लालसूने पात्याकडे पाहिलं आणि ओढ घेतली.

सरकारने तीनदा नाही म्हटलं ते श्रीहरीला इतकं लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. गावी जावं तर आई विचारणार. इथे राहावं तर जोडी नाही. सकाळी चारला लाथ बसली नाही, तरी जाग आली. लालसू लच्छूला उठवत होता.

कुपाच्या कडेला, वाहत्या नाल्याजवळ, म्हातारा झिंगू आरे घासत बसायचा. बावीस आरे, बावीस जोड्या. संध्याकाळी बोथट झालेले आरे त्याच्याकडे यायचे आणि सकाळी सहाच्या आत धार लागून परत जायचे. त्याचे डोळे गेले होते, बोटाने चाचपून घासायचा. श्रीहरी तिथे नुसता जाऊन बसला. जायला दुसरी जागा नव्हती.

झिंगूने बराच वेळ त्याला बसू दिलं. मग हातात कानस दिली.

"बसूनच राह्यला तं घास. बसल्याचे पैसे भैयाजी देत नाई."

श्रीहरीने पहिला आरा दिवसभर घासला. दात न् दात चकचकीत केला. उन्हात धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो आरा लालसू आणि लच्छूकडे गेला आणि दुपारच्या आत परत आला. लच्छूने तो झिंगूच्या पुढ्यात टाकला.

"काऊन रे मास्तर, हा आरा आहे का बैलगाडी? आम्ही सरळ चाललो, हा वळूनच राह्यला!"

खोडातली चीर उजवीकडे वळत गेली होती. पातं आत अडकलं, पाचरी ठोकून काढावं लागलं, अर्धा दिवस बुडाला. लालसू मागे उभा होता. तो एवढंच बोलला, "दुसरा दे, झिंगूभाऊ. तुमच्या हातचा."

पुढचा महिनाभर श्रीहरीचे आरे परत येत राहिले. कधी वळतो म्हणून, कधी ओढ जड लागते म्हणून. झिंगू शिव्या देत नव्हता. तो आरा मांडीवर घ्यायचा, दातांवरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "ह्या बाजूनं जास्त खाल्लं. तुया हात दूर जाताना जोर करते, जवळ येताना नाई." आऱ्याचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे थोडे वाकवलेले असतात. एका बाजूचे जास्त वाकले किंवा जास्त घासले गेले की आरा त्या बाजूला धावतो. डोळ्याला फरक दिसत नाही. खोडात दिसतो.

झिंगूकडे एक सुई होती, गोधडी शिवायची. दात दोन बाजूंना वाकवल्यावर मधे एक पन्हळ तयार होते. झिंगू आरा किंचित तिरपा धरायचा आणि वरच्या टोकाला पन्हळीत सुई ठेवायचा. दात सारखे असले तर सुई घसरत घसरत शेवटपर्यंत जाते. एक दात चुकला की तिथे पडते. श्रीहरीची सुई पहिल्यांदा चौथ्या दातावर पडली.

मग त्याने एक ठरवलं. एका दाताला कानशीचे तीन हात, चौथा नाही. एक बाजू संपली की स्वतः उठायचं, आऱ्याच्या पलीकडे जाऊन बसायचं आणि तेच तीन हात तिकडून. आरा फिरवून घेणं सोपं होतं, पण त्यात पकड बदलते. म्हणून माणसाने फिरायचं. थंडीत बोटं फुटायची, लोखंडाचा कीस भेगांत बसायचा. मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्या दातापासून. यात कौतुकाचं काही नाही. काम असंच होतं. ज्यांनी ते तसं केलं नाही, त्यांचे आरे परत आले.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी सुई शेवटच्या दातावरून खाली गवतात पडली. झिंगूला आवाज आला नाही. त्याने विचारलं, "कुठी पडली?"

"बाहेर पडली, भाऊ."

झिंगूने आऱ्यावर अंगठा फिरवला, मग सुई श्रीहरीच्या सदऱ्याला टोचून दिली आणि पाय पसरून झोपला. पुढच्या हंगामाला तो आला नाही. बावीस आरे श्रीहरीवर पडले.

पहाटे चार तेच राहिले. फरक एवढाच की आता त्याला कोणी उठवायचं नाही, त्याच्याआधी उठणारंच कोणी नव्हतं. लालसू पेज घेऊन नाल्यावर यायचा, भांडं ठेवायचा आणि आपला आरा उचलायचा. एकदा लच्छूला शेजारच्या कुपातल्या माणसापुढे सांगताना श्रीहरीने ऐकलं, "आमचा आरा मास्तरच्या हातचा आहे. पोट्टं बी ओढून घेईल." शहाऐंशीत शेजारच्या दोन्ही कुपांतले लोक तीन कोस चालून आरे आणून टाकू लागले. भैयाजीने त्याची मजुरी मापावरून काढून रोजावर बांधून दिली आणि पावसाळ्यात कूप बंद असताना लाकडाच्या सरकारी डेपोतले आरे मिळवून दिले. बाराही महिने हाताला काम, हे त्या रानात थोड्यांच्या वाट्याला यायचं.

तरी सत्त्याऐंशीत भरतीचा कागद आला तेव्हा त्याने तो घडी करून ठेवला. वयाच्या अटीत बसण्याचं ते शेवटचं वर्ष होतं. केसरबाईचा निरोपही होता. "या खेपेला तरी जाय."

लालसू म्हणाला, "जाय. पन बाबूनं टेप काढला का खोकल. खोकताना कोनाची छाती वर येत नाई."

श्रीहरी जाण्याआधी तीन दिवस जागून बावीस आरे दुहेरी घासून गेला. मैदानावर टेप अंगाला लागला आणि तो खोकला. खोकता खोकता बापाची खोड सुटली. साडेबत्तीस. फुगवून साडेचौतीस. बाबूने मान वर करून पाहिलं आणि खूण केली. पास.

दुसऱ्या दिवशी चालण्याची परीक्षा होती. पंचवीस किलोमीटर, चार तासांत. श्रीहरीला त्याची काळजीच नव्हती, रानातला माणूस. पंधरा किलोमीटरनंतर उजवा गुडघा धरला. अठरानंतर दोन्ही. चार वर्षं उकिडवं बसून आरे घासले होते. पाय बसायला शिकले होते, चालणं विसरले होते. आधी पाय होते तेव्हा छाती नव्हती. शेवटचे दोन किलोमीटर तो हाताने मांडी उचलून टाकत आला. अकरा मिनिटं उशीर झाला होता. घड्याळवाल्याने सहानुभूतीने पाणी दिलं आणि नावापुढे फुली मारली.

बस सुटायला दोन तास होते. आधीच्या तिन्ही वेळा तो स्टँडवर बसून राहिला होता. या वेळी लंगडत बाजारात गेला. लोखंडाच्या दुकानात कानशी मागितल्या. दुकानदाराने तीन दाखवल्या. श्रीहरीने तिन्हींवरून नख ओढलं आणि परत सारल्या.

"याहून बारीक आहे का?"

"महाग पडेल. काय काम करता?"

 "आरे घासतो," श्रीहरी म्हणाला.

बारीक कानशी दोन घेतल्या. उद्या संध्याकाळी बावीस आरे बोथट होऊन पडलेले असणार, हे त्याला बसमध्ये आठवत होतं. गुडघे ठणकत होते. झोप लागली नाही.

त्या वर्षीच्या रोवणीला केसरबाईने विचारलं, "लागली का रे?"

"नाई लागली. आता लागनार बी नाई."

 सकाळी उठून ती गावातले शेतमालक वामनराव यांच्या बांधीवर रोवणीला गेली.

मग दोन वर्षं श्रीहरीने गावी नवा सदरा घालून जाणं सोडलं. तंबाखू सोडली. पावसाळ्यात डेपोतल्या आऱ्यांबरोबर बैलगाडीवाल्यांच्या कुऱ्हाडी आणि बायकांचे विळेही घासले. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात वामनराव आपल्या नाल्याकडची एक बांधी विकायला काढत होते. पाऊण एकर, कोपरा खोलगट, पाणी धरणारी. श्रीहरीने ती घेतली.

रोवणीला लालसू भामरागडहून आला, बायको सुकरीला घेऊन. केसरबाई पहाटे चारलाच बांधावर हजर. साठीला आलेली बाई, कमरेतून सरळ होत नव्हती. श्रीहरी तिला म्हणाला, "माय, तू बस. तुले वाकू देनार नाई म्हटलं होतं मी."

"कोनाच्या बांधीत नाई, असं म्हटलं होतं तू," केसरबाई म्हणाली आणि चिखलात उतरली.

श्रीहरी बांधावर उभा राहिला. खिशात सातबाऱ्याचा उतारा होता, तलाठ्याकडून कालच आणलेला. त्याच्यावर तिचं नाव होतं. कागद जवळ असला की तो उभा राहायचा तसाच उभा होता. लालसू रोपांच्या पेंढ्या फेकत होता. केसरबाईने खालून वर पाहिलं.

"ताठ काय उभा आहेस बापासारखा? इथी कोन साहेब आहे? वाक."

त्याचे गुडघे करकरले. तो उतरला. एका जागी तीन रोपं, चौथं नाही, असं करत मागे सरकू लागला. ओळ सरळ येत होती.