बंदरावर न सुटणारे डबे

शंटरकाकांना डबा सुटणे या गोष्टीचा जन्मभर राग. छत्तीस वर्षं मालगाड्यांच्या यार्डात त्यांनी डबे जोडले, आणि आपण जोडलेला एकही डबा वाटेत सुटला नाही हे ते ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला सांगत. पाचव्याला कोणी विषय बदललाच तर दहाव्याला. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या अंगणात स्वतःची रेल्वे टाकायला घेतली, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. खेळण्यातली म्हणालात तर रागावतील. कोपरापासून बोटांपर्यंत लांब असा एकेक डबा, असे बेचाळीस डबे, दोन इंजिनं आणि अंगणभर वळसा घालणारा रूळ.

रूळ जमिनीवर नव्हता. कमरेएवढ्या उंच फळ्यांवर होता, आणि त्याला कारण काकू. काकू त्याच यार्डात कारकून होत्या. कुठला डबा कुठून आला, कुठे जाणार, याची पत्रकं त्यांच्या हातची. लग्नही तिथेच जमलं. वर्षापूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं, डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. तेव्हापासून त्यांनी खोलीतली खिडकीजवळची खुर्ची धरली. सगळ्या यार्डाला धाकात ठेवणारी बाई दिवसभर पडद्याची झालर मोजत बसते, हे काकांना बघवेना. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ते सुतारकाम काढत.

फळ्या झाल्या, रूळ झाला, तसे ते खोलीत गेले. "अगं, चल बाहेर. खुर्चीत बसून सगळं हाताशी येईल एवढीच उंची ठेवलीय."

"नुसतं बघायला मी येणार नाही," काकू म्हणाल्या. "काम देणार असाल तर येते. नाहीतर मी इथे बरी आहे."

"काम? अगं, अख्खं बंदर तुझं!"

बंदर म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं स्टेशन. पलीकडे गिरणी, ती शेजारच्या घड्याळजींकडे. लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता ज्यांच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा आला, ते हे घड्याळजी. तिसरं स्टेशन खाण, ती अर्थातच काकांची.

आता प्रश्न राहिला डबे एकमेकांना जोडायचे कशाने. काकांनी दोन प्रकार समोर ठेवले. पहिला आकडा आणि कडी. दिसायला ओबडधोबड, पण डब्याच्या दोन्ही टोकांना आकडे लावले की रूळ कितीही वरखाली होवो, पकड सुटत नाही. दुसरा मुठीचा. अर्धवट मिटलेल्या दोन मुठी एकमेकींत अडकतात, हुबेहूब खऱ्या गाडीसारख्या. पण उंचीत जरा फरक पडला की चढावर एक मूठ वर सरकते, दुसरी खाली राहते आणि अर्धी गाडी मागेच. काकांनी बारा डब्यांत विटा भरल्या आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर जो उंचवटा होता, त्यावरून गाडी ओढली. मूठ तीनदा सुटली. आकडा एकदाही नाही.

"उंची नीट लावा, मग मूठही सुटणार नाही," घड्याळजी म्हणाले. "खाली एखादी चकती घातली की काम झालं."

"चकत्या तुमच्या घड्याळात घाला," काका म्हणाले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? दिसतंय ना समोर!"

बेचाळीस डब्यांना आकडे लागले. काकांनी जोडलेल्या डब्यांची एक जोडी कौतुकाने काकूंच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि ते चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा काकू म्हणाल्या, "छान घट्ट आहे." काकांची छाती फुगली.

त्यानंतर तीन दिवस काकू लिहीत होत्या. दर डब्याला एक कार्ड. त्यावर डब्याचा नंबर, आत काय भरलंय, कुठे सोडायचा, तिथून पुढे कुठे. उजव्या हाताचं ते जुनं टपोरं अक्षर बघून काका दाराआड जाऊन डोळे पुसून आले.

पहिल्या रविवारी तीन तास गाड्या धावल्या. एक डबा सुटला नाही. काका नुसते मिरवत होते. घड्याळजींची मात्र दमछाक झाली. "वहिनी, माझ्या गिरणीवर नऊ डबे, खाणीवर अकरा. तुमच्या बंदरावर काहीच कसं नाही?"

"बंदर आज बंद आहे," काकू हसून म्हणाल्या.

पुढच्या रविवारीही बंदर बंदच होतं. तिसऱ्या रविवारी काकू बाहेर आल्याच नाहीत. ऊन लागतं म्हणाल्या. आकाशात तर ढग होते.

दुपारी त्यांचा डोळा लागला, तसे काका कार्डांचा गठ्ठा घेऊन बसले. एकेक कार्ड वाचू लागले. खाणीतून गिरणीवर, गिरणीतून खाणीवर, आणि मध्ये बंदर आलं की प्रत्येक कार्डावर एकच शब्द, 'थेट'. बेचाळीसच्या बेचाळीस. काकांनी कपाळाला हात लावला. छत्तीस वर्षं यार्डात काढलेल्या माणसाला एवढं कळू नये? बंदरातून मालगाडी थेट पुढे कशी जाईल? पुढे पाणीच की!

आणि ही चूक काकू करणार नाहीत. त्या कारकुनाने आयुष्यात एका डब्याचा पत्ता चुकवला नव्हता.

काका अंगणात गेले. बंदराच्या खुर्चीत बसले, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने समोरच्या गाडीतला शेवटचा डबा सोडवायला लागले. आकडे सुटायचे तर ते दाबून धरून डबा वर उचलावा लागे. डबा उचलायचा तर आकडे दाबायला हात नाही, आकडे दाबायचे तर डबा उचलायला हात नाही. तिसऱ्या खेपेला अख्खी गाडी रुळावरून कलंडली. त्यांनी जोडणी सुटते का हे तपासलं होतं, सोडवता येते का हे नाही. यार्डात त्यांचं काम जोडण्याचं. आणि त्या दिवशी चहा टाकून परत आले तेव्हा ती 'छान घट्ट आहे' का म्हणाली, तेही आता कळलं. काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

संध्याकाळी काकूंच्या टेबलावर त्यांनी दोन डबे मांडले, मुठीच्या जोडणीचे. डावा हात खिशातच.

"हात का खिशात घातलाय?" काकूंनी विचारलं.

"आजपासून या यार्डात जे एका हाताने सुटत नाही, ते लावायचं नाही. तुझी लोकर विणायची सुई कुठेय?"

काकूंनी त्यांच्या खिशाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कार्डं वाचलीत."

"वाचली. मला सांगायचं होतंस गं."

"तुम्ही इतके खूश होता." काकू म्हणाल्या. "आणि मला ते बोलून दाखवायचं नव्हतं. सारखं काय तेच सांगायचं, हे जमत नाही, ते जमत नाही."

काकांनी नुसता ड्रॉवर उघडला. वर्षभर न हललेली सुई काकूंनी घेतली, दोन मुठींच्या मध्ये वरून घातली आणि जरा पिळली. टक्. मुठी उघडल्या. डबे टेबलावर होते तसेच उभे. काकूंनी ते पुन्हा ढकलून जोडले आणि पुन्हा सोडवले. असं त्यांनी सात वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी काका घड्याळजींच्या दारात उभे राहिले. "चकत्या आहेत का हो?"

"घड्याळात घातल्या सगळ्या," घड्याळजी म्हणाले, आणि डबाभर चकत्या घेऊन चपला घालायला लागले. आठवडाभर दोघं म्हातारे पत्र्याच्या एका मापाने बेचाळीस डब्यांच्या चौऱ्याऐंशी मुठींची उंची लावत बसले. एकेक जोडणी काका एका हाताने सोडवून बघत. विटांची गाडी उंचवट्यावरून वीस वेळा गेली, एकदाही तुटली नाही.

रविवारी काकू सगळ्यांच्या आधी बाहेर येऊन बसल्या होत्या. सुई केसांत खोचलेली. नवी कार्डं त्यांनी कोणाला दाखवली नव्हती. पहिलीच गाडी बंदरात शिरली आणि काकूंनी पाच डबे टकाटक सोडले. मागून घड्याळजींचं इंजिन आलं, तशा त्या ओरडल्या, "थांबा तिथेच! बंदर भरलंय, दिसत नाही?" यार्डातला तो जुना आवाज. घड्याळजी निमूटपणे थांबले. त्यांच्याकडे आज फक्त तीन डबे येणार होते.

काका आपल्या खाणीवर सज्ज उभे होते. पहिली गाडी आली आणि न थांबता निघून गेली. दुसरीही तशीच गेली. अर्धा तास झाला तरी त्यांच्या वाट्याला एक डबा येईना. शेवटी त्यांनी कार्डं मागवून घेतली आणि उलटून बघितली. बंदरावर सव्वीस डबे सोडायचे होते. खाणीपुढे प्रत्येक कार्डावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'थेट'.

"अगं, आणि मी काय करू?" काका ओरडले.

"बघा नुसतं," काकू म्हणाल्या, आणि सुई पुढच्या मुठीत घातली.