दाजींचं लेगगार्ड

माझ्या दाजींइतका सावध माणूस औंढ्यापासून वसमतपर्यंत त्या काळी दुसरा नव्हता, आणि पुढे कधी झाला असेल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी गुरांच्या दवाखान्यात, त्यामुळे कायमची फिरती. अंगावर आलेल्या बैलाची वेसण एका हाताने धरायचे. म्हशीची लाथ पोटात बसली तरी "तिला तकलीफ हाय, ती तरी काय करंल?" म्हणत तिच्याच पाठीवरून हात फिरवायचे. पण हाच माणूस चहा बशीत ओतून, फुंकून, वर करंगळी बुडवून बघितल्याशिवाय पीत नसे. पोहायला निघालेल्या माणसाला थांबवून "पोहता येतं ना?" असं विचारत असे. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आले, तर बाजेवर टेकायच्या आधी खाली वाकून बाजेच्या पोटाशी बघायला लागले. माझे आबा घाबरले. म्हणाले, "जावईबापू, काय हरवलं?" दाजी खालूनच म्हणाले, "हरवलं न्हाई मामा. काही सापडू न्हाई म्हणून बघून राहिलो."

त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर साल असेल, दाजी आणि ताई तेव्हा आमच्याच घरी राहत. फिरतीला सोपं जावं म्हणून दाजींनी हिंगोलीच्या एका डॉक्टरांची जुनी मोटारसायकल घेतली. ताईला मागे बसवून अजिंठ्याची लेणी दाखवून आणायची, हा खरा बेत होता. पण गाडी दारात आली आणि दाजींच्या लक्षात आलं की तिला लेगगार्ड नाही. लेगगार्ड म्हणजे गाडी आडवी पडली तर पाय चेमटू नयेत म्हणून पुढे बसवतात ती लोखंडी नळीची कमान. ती निवडायला दाजींना सात महिने लागले. सात महिने गाडी अंगणात ताईचं जुनं लुगडं पांघरून उभी, आणि दाजी सायकलवर फिरती करून राहिले! बाजारात कुणाची मोटारसायकल दिसली की हे तिच्या गार्डाला नाणं वाजवून कान लावत आणि मालकाला अदबीने विचारत, "कधी पडले होते का तुमी?" एक हवालदार भडकला, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलून राहिले?" तर दाजी हळहळून म्हणाले, "पडले असते तर गार्डाचा बराबर अंदाज आला असता हो."

घरातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याचं माप त्यांनी दोऱ्याने घेतलं. आबांचंसुद्धा घेतलं, आणि आबा तर त्या गाडीजवळूनही जात नसत. मग सुरू झाली परीक्षा. जुन्या पायजम्याच्या दोन्ही पायांत भोपळे कोंबायचे, पायजमा गाडीच्या टाकीवर माणसासारखा बांधायचा, सिद्धेश्वरच्या धरणाखाली नदीच्या वाळूत गाडी ढकलत न्यायची आणि धाडकन आडवी पाडायची. भोपळा फुटला की ते गार्ड नापास. दुकानदार गार्ड परत घेताना डोक्याला हात लावत. फुटलेला भोपळा ताई शिजवी. त्या वर्षी भोपळ्याची भाजी इतकी झाली की मी ताईला विचारलं, "अजून किती गार्डं राहिली गं?"

मला त्यात फक्त गंमत दिसत होती. ताईच्या डाव्या पायात किंचित लंगड होती, ती मला रोज दिसत होती, पण तिचा ह्या भोपळ्यांशी मेळ घालण्याइतकी अक्कल नव्हती. पहिल्या दिवाळीला दाजींनी ताईला सायकलवर डबलसीट धरण बघायला नेलं होतं. उतारावर सायकल घसरली आणि ताईचा घोटा मोडला. ताई ते कधीच विसरली होती. दाजी मात्र तिला उठताना बघितलं की अजूनही जागचे अर्धे उठायचे.

अखेर पाचव्या गार्डाचा भोपळा साबूत निघाला. गार्ड साधं, बेताच्या रुंदीचं होतं. दाजी लहान लेकरासारखे खूश झाले. आणि नेमकं तेव्हाच मी तोंड उघडलं.

मी तेव्हा वीस वर्षांची. नुकतीच डी.एड. झालेली, नांदेडहून आणलेला काळा चष्मा सावलीतही लावणारी आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेली. परभणीहून मास्तरणीच्या नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आबांनी बजावलं होतं, "औंदा नौकरी लागली तर ठीक. न्हाई तर उन्हाळ्यात लगीन. पोरगं बघून ठेवलंय." म्हणजे माझं सगळं त्या एका सकाळी अकरा वाजता ठरणार होतं. आणि मला चिंता कशाची, तर मी कशी दिसेन याची! मी गार्डाकडे बघून नाक मुरडलं. "दाजी, हे गार्ड हाय का बैलाची मुस्की? परभणीत लोक हसतील. दोन्हीकडं पसरलेलं, रुबाबदार पाहिजे." दाजी म्हणाले, "पण हे तर पास झालं." मी म्हणाले, "नळी रुंद तेवढे पाय सुरक्षित. विज्ञान हाय ते." कुठलं विज्ञान, देव जाणे. पण शिकलेली मेहुणी म्हणतेय म्हणून दाजींनी मुकाट्याने गावातल्या लोहाराकडून दुसरं बनवून घेतलं. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी लोहाराने ते आमच्या अंगणातच बसवलं आणि मागे सरून म्हणाला, "साहेब, ह्याच्यात तुमची म्हैस बी बसंल."

डांबरी रस्त्यावरून जाणारी सकाळी सहाची यष्टी मी सोडली, कारण यष्टीत साडीच्या चुण्या मोडतात. साडेसातला आम्ही निघालो. आमच्या गावापासून शिरड शहापूरच्या डांबरी रस्त्यापर्यंत तेव्हा पांदण होती, बैलगाडीची. पावसाळ्यात गाड्यांच्या चाकांनी काळ्या मातीत गुडघाभर खोल चाकोऱ्या पडायच्या आणि दिवाळीपर्यंत त्या वाळून दगड व्हायच्या. मधल्या उंचवट्यावर काटेरी झुडपं माजलेली, म्हणून मोटारसायकल चाकोरीतूनच चालवावी लागे. दाजींनी सगळ्यांचे गुडघे मोजले होते, नळीची जाडी मोजली होती. चाकोरी मोजायची तेवढी राहिली होती, कारण पाचव्या गार्डाला ती मोजायची गरजच नव्हती. अर्ध्या पांदणीत माझं रुबाबदार गार्ड चाकोरीच्या दोन्हीकडच्या वाळल्या मातीत असं अडकलं की गाडी पुढे जाईना, मागे येईना. आम्ही दोघं खाली उतरलो तरी गाडी उभीच! स्टॅंड नाही, आधार नाही, देवळातल्या नंदीसारखी उभी. दाजी क्षणभर सगळं विसरून म्हणाले, "बघितलं का? पडायचं नावच न्हाई!"

मी तिथेच भोकाड पसरलं. "तुमच्या ह्या गार्डापायी माझं वाटोळं झालं!" असं ओरडले. तुमच्या म्हणाले मी, बरं का! दाजींनी माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, हत्यारांची पिशवी काढली आणि मातीत पालथे पडून बोल्ट सोडायला लागले. मी रडता रडता थांबले. "दाजी, बिनगार्डाचं जायचं?" ते म्हणाले, "व्हय." "आणि पडलो तर?" "पडायचं न्हाई. बस." गार्ड बांधाला टेकवून त्यांनी गाडी सुरू केली. सात महिन्यांत जो माणूस अंगणाबाहेर चालवत गेला नव्हता, त्याने मला पावणेअकराला परभणीत कचेरीच्या दारात उतरवलं. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि न फुंकताच एका घोटात पिऊन टाकला. करंगळी बुडवायचंही त्यांना सुचलं नाही.

मुलाखत झाली. तिथेच सांगितलं की निवड झाली. मी उड्या मारत बाहेर आले, तर दाजींनी निकाल विचारलाच नाही. म्हणाले, "पाय दुखत न्हाईत ना? घोटा हलवून बघ बरं." बाकीच्या पोरी बघत होत्या. मी लाजेने लाल झाले. परतताना मात्र ते मला गाडीवर घेईनात. यष्टीत बसवून दिलं आणि स्वतः यष्टीच्या मागे, तिचा सगळा फुफाटा खात, रिकामी गाडी घेऊन निघाले. यष्टी थांबली की तेही थांबत. वसमतला तर खिडकीशी आले. भुवया, मिशा, सगळं धुळीने पांढरं. कागदातले पेरू माझ्या हातात देऊन म्हणाले, "चक्कर तर येऊन न्हाई राहिली ना?" आणि पुन्हा गाडीकडे गेले.

माझ्याबरोबर निवड झालेली एक शहरी पोरगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "कोण गं हे?"

मी काळा चष्मा नीट केला आणि म्हणाले, "आहेत गावाकडचे, ओळखीचे."

पुढे एकतीस वर्षं मी शिकवलं. दाजी ताईला घेऊन अजिंठ्याला गेले, पाचवं गार्ड लावून, सावकाश, वाटेत दोन मुक्काम करून. आता दोघंही नाहीत. दाजी बाकीचं सगळं माझ्या तोंडून ऐकून हसले होते, पण खिडकीतलं ते एक वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्या पोरीला तरी खरं काय ते सांगावं असं मनात येतं. पण तिचं नावही मला आठवत नाही.